टोकावे, पण परतीची वाट ठेवून

एसटीच्या खिडकीतून एक हात बाहेर येतो. बोटांत वेफर्सचे चुरगळलेले रिकामे पाकीट असते. बोटे सैल होतात, पाकीट खाली पडते, हात आत जातो. गाडी अजून फलाटावरच उभी असते. जळगावच्या किंवा धुळ्याच्या बसस्थानकावर दिवसातून कितीदा तरी घडणारी ही गोष्ट. खाली थांबलेली माणसे ते पाहतात. कुणाच्या कपाळाला आठी पडते, कुणी शेजाऱ्याकडे बघून मान हलवतो, पण पाकीट टाकणाऱ्याशी कुणी बोलत नाही. क्वचित कुणी बोललेच, तर असे बोलतो की पाकीट राहते बाजूला आणि दोघांची जुंपते. अनोळखी माणसाला टोकण्याच्या आपल्याकडे जणू दोनच रीती उरल्या आहेत : गिळून गप्प बसायचे किंवा तोंडसुख घ्यायचे. दोन्हींतून रस्ता स्वच्छ होत नाही. बोलले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तिथे न्यायनिवाडा करणे हे बोलणाऱ्याचे काम नाही. समोरच्याने वाकून आपली वस्तू उचलावी आणि तसे करताना त्याची अब्रू जाऊ नये, एवढीच सोय त्याने करायची असते. टोकण्याचा सगळा शिष्टाचार एवढ्यातून निघतो.

गप्प बसणाऱ्याला आपण चटकन बेफिकीर ठरवून टाकतो. अभ्यासकांच्या हाती मात्र वेगळे चित्र आले आहे. अथेन्सच्या मेट्रो स्थानकांवर दोन संशोधकांनी मुद्दाम माणसे पाठवून प्रवाशांसमोर कचरा टाकायला लावला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हटकणारे फारच थोडे निघाले. पुढे जर्मनीत असाच प्रयोग करताना टाकलेल्या कचऱ्याचे प्रमाण वाढवून पाहिले. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. घाण जास्त, तसा बघ्यांचा रागही जास्त होता, पण तोंड उघडणाऱ्यांची संख्या काही वाढली नाही, कारण समोरचा उलटेल ही धास्ती. आपल्याकडे ही धास्ती ज्या शब्दांत प्रकट होते ते सगळ्यांना पाठ आहेत : 'रस्ता तुझ्या बापाचा आहे का?' या एका प्रश्नाने भल्याभल्यांची बोलती बंद होते. थोडक्यात, गप्प बसणाऱ्यांतल्या पुष्कळांना घाणीची चीड असते. त्यांना चार लोकांत तमाशा नको असतो. म्हणून बोलायचे कसे हा प्रश्न निव्वळ सभ्यतेचा उरत नाही. तमाशा न होता बोलता येते, असे दिसले तरच माणसे बोलू लागतील.

याच विषयावरचा फ्रान्समधला २००२ चा एक अभ्यास मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मोठ्या दुकानसंकुलाच्या लिफ्टमध्ये कुणी भिंतीवर रेघोट्या मारल्या, तर सोबत जितकी जास्त माणसे तितके कुणी हटकण्याची शक्यता कमी, असे त्यात आढळले. वस्तीतल्या छोट्या बागेत कुणी प्लास्टिकची बाटली फेकली तेव्हा मात्र आजूबाजूच्या गर्दीने फरक पडला नाही, लोक बोलले. बाग त्यांची होती. धुळेकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जुन्या धुळ्याच्या गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात आणि गल्लीतला माणूस आपल्या गल्लीत कुणी उष्ट्या पत्रावळी टाकू लागला तर ओट्यावरूनच आवाज देतो. तोच माणूस आग्रा रोडवर आला की गप्प होतो, कारण आग्रा रोड कुणाचाच नाही. पांझरा नदीचे पात्र कुणाचेच नाही. जळगावात गोलाणी मार्केटचा जिना कुणाचाच नाही, मेहरूण तलावाचा काठ सकाळी फिरायला येणाऱ्यांचा, तोही तासाभरापुरता. अशा ठिकाणी जो बोलतो तो एका अर्थी ती जागा आपली असल्याचे जाहीर करतो. 'तुझ्या बापाचा रस्ता आहे का' या प्रश्नाला सरळ उत्तर आहे : हो, माझाही आहे आणि तुमचाही आहे.

एका पाकिटाने काय होते, असे विचारले जाते. त्याचे उत्तर एका प्रयोगात मिळते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात एका गल्लीत उभ्या केलेल्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवून ठेवले होते. जवळपास कचऱ्याचा डबा नव्हता. भिंत स्वच्छ असताना १०० पैकी ३३ जणांनी कागद तिथेच टाकला. भिंत रंगाच्या रेघोट्यांनी विद्रूप केल्यावर ६९ जणांनी टाकला. माणसे बदलली नव्हती, परिसर बदलला होता. २००८ च्या या प्रयोगाने जे आकड्यांत दाखवले ते आपण नाक्यानाक्यावर पाहतो. वीज मंडळाच्या डीपीखाली एक कॅरीबॅग पडते, संध्याकाळपर्यंत तिथे दहा होतात आणि महिनाभरात ती वस्तीची अधिकृत कचराकुंडी बनते. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला की त्यातल्याच पिशव्या गटाराच्या जाळीवर जाऊन चिकटतात, वर चहाच्या कपांचा थर बसतो, आणि पाणी रस्ता सोडून दुकानाच्या फरशीवर चढते. त्या दिवशी दुकानदार महापालिकेला शिव्या देतो. त्यातला काही भाग रास्तही असतो. पण पहिली पिशवी पडताना ती कुणीतरी पाहिलेली होती.

टोकण्याची रीत चुकली की काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण जून २०१८ मधले, मुंबईचे. अभिनेत्री अनुष्का शर्मा यांनी चालत्या महागड्या गाडीतून प्लास्टिक टाकणाऱ्या एकाला आपल्या गाडीच्या खिडकीतून खडसावले. विराट कोहली यांनी त्याचे चित्रीकरण समाजमाध्यमावर टाकले आणि ते लाखो लोकांनी पाहिले. त्या माणसाने निष्काळजीपणाबद्दल वाईट वाटते असे म्हटले, पण लगेच त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. प्रकरण वकिलाच्या नोटिशीपर्यंत गेले. अनुष्का शर्मा यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता, हे मी निःसंकोच म्हणेन. तरीही नंतरचे कित्येक दिवस देशभर चर्चा चालली ती त्यांच्या स्वराची, चित्रीकरणाची, त्या माणसाच्या बदनामीची. रस्त्यावर पडलेले प्लास्टिक चर्चेतून केव्हाच हद्दपार झाले. चूक करणाऱ्याला आपण अपमानित केले की त्याच्या हाती एक स्वतंत्र तक्रार लागते आणि ती तक्रार खरी असते. मग तो आपली चूक विसरून तुमची चूक लढवतो. म्हणून मोबाइल बाहेर काढून चित्रीकरण करणे, हा मला टोकण्याचा सर्वांत वाईट प्रकार वाटतो. कॅमेऱ्यासमोर कुणीही वाकून कागद उचलत नाही. रात्रंदिवस ट्रॅक्टरभर कचरा नदीत ओतणाऱ्याचा पुरावा म्हणून छायाचित्र घेणे वेगळे; ती अधिकाऱ्याकडे करायची तक्रार आहे. गुटख्याची पुडी टाकणाऱ्याला जगासमोर उभे करणे ही तक्रार होत नाही, ती शिक्षा होते आणि ती देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

मग बोलायचे कसे? अमेरिकेत पोहण्याच्या तलावावर खाऊ घेणाऱ्या मुलांच्या हाती वेगवेगळ्या सूचनांच्या चिठ्ठ्या देऊन पाहिल्या होत्या. १९७९ च्या या अभ्यासात खबरदार, कचरा टाकाल तर, अशा धाटणीची चिठ्ठी ज्यांना मिळाली त्यांनी ती जास्त प्रमाणात जमिनीवर टाकली. तलाव स्वच्छ ठेवायला मदत करा, अशा सुराच्या चिठ्ठ्या कमी पडल्या. हुकूम ऐकला की माणसाला आधी आपले स्वातंत्र्य आठवते. खान्देशात तर हुकमाची गरजच पडू नये, कारण अनोळखी माणसाला आपले म्हणण्याची सोय इथल्या बोलण्यात मुळातच आहे. 'भाऊ', 'दादा', 'ताई', वयस्कर असतील तर 'आबा' किंवा 'मावशी'. एवढा एक शब्द आधी आला आणि मग थांबून पुढचे बोलले, तर ऐकणाऱ्याच्या कपाळाची शीर लगेच ताठत नाही. 'भाऊ, तुमनं काहीतरी पडनं,' असे अहिराणीत हसून म्हटले की दहातले काही जण तरी निमूट उचलतात. याला कुणी ढोंग म्हणेल. पडलेले नाही, टाकलेले आहे, हे दोघांनाही माहीत असते. आक्षेप अगदीच चूक नाही. पण समोरच्याला 'अरे हो' म्हणता यावे यासाठी ती जागा सोडलेली असते आणि त्यात कुणाचे नुकसान नाही. ज्याला हेही खटकते त्याने सरळ म्हणावे, 'दादा, तेवढे पाकीट द्या इकडे, डबा त्या बाजूलाच आहे, मी टाकतो.' यात एक शब्दही खोटा नाही. आणि हात पुढे केल्यावर बहुतेक माणसे पाकीट तुमच्या हातात न देता स्वतःच डब्याकडे जातात.

याहून अधिक काही बोलू नये. देश, संस्कार, शिक्षण, परदेशात कसे असते, हे काहीही काढू नये. 'तुमच्यासारख्या लोकांमुळेच' हे शब्द तर कधीच नाहीत. वस्तूबद्दल बोलावे, माणसाबद्दल नाही; एकदा बोलावे आणि बाजूला व्हावे. त्याने उचलले का हे पाहायला कमरेवर हात ठेवून उभे राहिले की पुन्हा सामना सुरू होतो. बापाबरोबर लहान मूल असेल तर त्याच्यासमोर बापाला बोलताना दुप्पट जपावे. मुलाने टाकले असेल तर मुलाशी गोडीने बोलावे, आईबापांना भाषण देऊ नये.

शिष्टाचारातला सर्वांत अवघड भाग मात्र शब्दांचा नाही. आपण कुणाला बोलतो याचा आहे. फुले मार्केटसमोर मक्याची कणसे विकणाऱ्या बाईला, रिक्षावाल्याला, बाहेरगावाहून कामाला आलेल्या मजुराला टोकायला फारसे धैर्य लागत नाही. काळ्या काचेच्या चारचाकीतून पाण्याची बाटली बाहेर आली की मात्र तीच जीभ टाळ्याला चिकटते. जो फक्त आपल्याहून दुबळ्याला टोकतो त्याला स्वच्छतेची कळकळ आहे असे मी मानणार नाही. त्याला आपला वरचढपणा दाखवायला एक सभ्य कारण सापडलेले असते. याच्या मुळाशी आपली जुनी जातव्यवस्था आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. उचलायला कुणीतरी जन्मालाच घातलेला आहे, या गृहीतकावर सुशिक्षित हातही कागद सोडतो. पहाटे पाचला झाडू घेऊन रस्त्यावर आलेल्या सफाई कामगाराला तो कागद कुणाच्या गाडीतून पडला हे नेमके कळते. पण त्याने गाडीवाल्याला हटकले तर काय होईल, हेही त्याला कळते. म्हणून ज्याचे चार लोकांत वजन आहे, ज्याला उलट उत्तर मिळण्याची शक्यता कमी आहे, त्याच्यावर बोलण्याची जबाबदारी सर्वांत जास्त येते. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सराफ, नगरसेवक यांनी आधी आपल्या बरोबरीच्यांना टोकावे. लग्नाच्या मांडवात, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे सुरुवात करणे तर सर्वांत सोपे.

टोकण्याचा हक्क कमवावा कसा, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत, गाव झाडून काढत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांचे कीर्तनातले प्रश्न झोंबणारे असत. पण ते साऱ्या सभेला विचारलेले असत. भर सभेत एकाकडे बोट दाखवून त्याला रडवायचे, हा त्यांचा मार्ग नव्हता. शिवाय विचारणाऱ्याचा खराटा दिवसभर लोकांनी पाहिलेला असे. आपल्या अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी राहत तेव्हा पसारा करून शाळेत गेलेल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, कपड्यांच्या घड्या घालून ठेवत. मुले परत आली की त्यांना काही सांगावे लागत नसे. १९२४ ते १९३० हा गुरुजींचा अमळनेरातला काळ. शंभर वर्षे होत आली, तरी ही आठवण खान्देशात सांगितली जाते. अर्थात, हा मार्ग रस्त्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. छात्रालयातली मुले गुरुजींना ओळखत होती आणि त्यांच्यावर जीव टाकत होती. रस्त्यावर तुम्ही एखाद्याचे पाकीट निमूटपणे उचललेत तर तो तुम्हाला महापालिकेचा माणूस समजून निघून जाण्याचा संभव अधिक. नुसते उचलणे पुरत नाही, नुसते बोलणेही पुरत नाही. बोलताना हात डब्याकडे नेण्याची तयारी असली की दोन्हींचे काम होते.

सर्वांत वजनदार आक्षेप महापालिकेबद्दलचा आहे. घंटागाडी चार-चार दिवस फिरकत नाही, अर्ध्या बाजारात डबा नाही, कर मात्र पूर्ण भरायचा, आणि तुम्ही माणसांना टोकत बसता? हा राग मला पूर्ण मान्य आहे. २०१७ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशातल्या ४३४ शहरांत जळगाव जिल्ह्यातले भुसावळ ४३३ व्या क्रमांकावर होते. ती केवळ भुसावळकरांच्या सवयींची गुणपत्रिका नव्हती. उचलण्याची व्यवस्था कोसळली की शहराचे काय होते, ते त्यात दिसले. त्याच वर्षी त्याच यादीत पहिले आलेले इंदूर धुळ्यातून जाणाऱ्याच मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. आदल्या वर्षी ते पंचविसावे होते. इंदूरने लोकांना दम देऊन सुरुवात केली नाही. आधी प्रभागामागून प्रभाग घरोघरची गाडी वेळेवर येऊ लागली, मग रस्त्यावरच्या कचराकुंड्या उचलल्या आणि दंड जोरात आला तो त्यानंतर. खरेदीला इंदूरला जाणारी आपलीच माणसे तिथे छप्पन दुकानसमोर खाऊन झाल्यावर द्रोण हातात धरून डबा शोधतात. तीच माणसे परत आल्यावर शोधत नाहीत, कारण इथे शोधून सापडत नाही. तेव्हा जिथे हाकेच्या अंतरावर डबाच नाही तिथे पाणीपुरीवाल्याच्या गिऱ्हाइकाला टोकणे हा अन्याय आहे. तिथे टोकायचे ते प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला, नगरसेवकाला, आयुक्तांना, लेखी आणि पुन्हा पुन्हा. पण या आक्षेपातून दुसरा निष्कर्ष काढता येत नाही. डबा दहा पावलांवर असतानाही पाकीट खाली पडते आणि तिथे महापालिकेचे नाव घेणे ही पळवाट आहे. दोन्ही ठिकाणी बोलणारा माणूस एकच असतो, असा माझा समज आहे. जो रस्त्यावर कधीच बोलत नाही तो आयुक्तांना पत्रही लिहीत नाही.

दुसरा आक्षेप सौम्यपणावर आहे. आपल्या लोकांना दंडुक्याचीच भाषा कळते, असे म्हणतात. दंड हवाच, आणि तो आहे. 'ड' वर्गातल्या आपल्या महापालिकांत रस्त्यावर घाण केल्याचा दंड दीडशे रुपयांच्या आसपास आहे, रेल्वेच्या हद्दीत तो पाचशेपर्यंत जातो, प्लास्टिकबंदीच्या २०१८ च्या अधिसूचनेत तर पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, आणि गुटख्याच्या पुड्या कुठे पडलेल्या नाहीत ते सांगा. कागदावरचा दंड वापरायचा तर माणसे लागतात, आणि माणसे नेमली की काय होते तेही मुंबईने पाहिले : २००७ मध्ये क्लीन-अप मार्शल आले, वसुलीच्या आणि दमदाटीच्या तक्रारींनी ती योजना अनेकदा बंद करावी लागली, ती अगदी एप्रिल २०२५ पर्यंत. दंड गणवेशातल्या माणसाने, पावती देऊन करावा. साध्या कपड्यातल्या नागरिकाने दंडुक्याची भाषा बोलू नये, कारण त्याच्या हाती दंडुका नसतो आणि हे समोरच्याला कळायला दोन सेकंद लागतात.

धोका मात्र खरा आहे आणि त्याला उगाच शौर्याचे नाव देऊ नये. दारू प्यायलेला माणूस, रात्रीची वेळ, सहा-सात पोरांचे टोळके, आधीच पेटलेले भांडण, अशा जागी गप्प राहणे हा शहाणपणा आहे. एकट्या बाईने हटकल्यावर कचऱ्यावरून गोष्ट तिच्यावर येते, हे आपल्या दोन्ही शहरांतल्या बायकांना कुणी सांगायला नको. अशा वेळी जवळ उभ्या असलेल्या पुरुषाने 'ताई बरोबर बोलताहेत, भाऊ' एवढे एक वाक्य जोडावे. टोकणाऱ्याला एकटे पडू न देणे हादेखील याच शिष्टाचाराचा भाग आहे. बघ्यांमधला दुसरा आवाज उठला की पहिला आवाज भांडखोर ठरत नाही.

ज्यांना बोलण्याचा हक्क आधीच आहे, त्यांच्याकडे शेवटी एक मागणे आहे. चहाची टपरी, पावभाजीची गाडी, रसवंती यांच्या मालकांनी कपांसाठी, पत्रावळींसाठी स्वतःचा डबा ठेवावा, हे बंधन २०१६ च्या घनकचरा नियमांनी घातले. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसे जमवणाऱ्या आयोजकाने तीन कामाच्या दिवसांआधी पालिकेला कळवावे, हेही त्यातच होते. टपरीवाल्याने 'दादा, कप डब्यात' म्हटले तर त्याच्याशी कुणी भांडत नाही, कारण जागा त्याची आहे. कंडक्टरने गाडी सुटण्याआधी तिकीट फाडता फाडता सांगितले तर तेही चालते, कारण गाडी त्याची आहे. कार्तिकी एकादशीला जळगावात रामाचा रथ निघतो, धुळ्यात एकवीरेच्या दर्शनाला रांगा लागतात, तिथे माइक हाती असलेल्या कार्यकर्त्याचे ऐकायला हजारो माणसे तयार असतात. जळगाव आणि धुळे महापालिकांनी आधी प्रत्येक टपरीपुढे डबा आहे की नाही हे तपासावे आणि एसटीने प्रत्येक गाडीच्या दाराशी एक बांधावा. आणि या सर्वांनी, डबा आला त्या दिवसापासून, बोलायला लागावे.